घशात काहीतरी अडकलंय

"डॉक्टर, घशात काहीतरी अडकलंय बघा. कालपासून वैरणीला तोंडच लावीना."

माझ्या नोकरीतल्या कितीतरी सकाळी या वाक्याने सुरू झाल्या आहेत. बहुतेक वेळा खरंच काहीतरी अडकलेलं असतं. उसाचं कांडं, मक्याचं कणीस, बीट, आंब्याची कोय, एकदा तर नायलॉनच्या दोरीचा गुंता. गाय मान लांब करून उभी असते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असतात, गोठ्याभोवती पाच-सहा माणसं आणि प्रत्येकाचं एकेक मत. तोंडात आडवी दांडी घालायची, जीभ एका बाजूला ओढून धरायची आणि हात आत घालायचा. कांडं निघालं की गाय दोन मिनिटांत घमेल्यात तोंड घालते आणि डॉक्टरचा चहा होतो. या कामात एवढं समाधान आहे की हे वाक्य ऐकलं की हात आपोआप बाही सरकवायला लागतो.

१९९८च्या नोव्हेंबरात मी अशीच बाही सरकवली होती. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून तीन वर्षं झाली होती आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या एका दवाखान्यावर माझी पहिली नेमणूक होती. मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि संकरित गाई दोन्ही फोफावलेलं गाव. दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. एम-एटीवरून बोलवायला आलेला माणूस वाटेत सांगत होता की गाय दुसऱ्या वेताची आहे, दोन्ही वेळचं मिळून पंधरा लिटर देते, वसुबारसेला आईने तिची नि वासराची पूजा केली, तेव्हा हाताने भरवलेली पुरणपोळी तिने कशी झटक्यात गिळली. आणि आता पाणीसुद्धा खाली उतरत नाही.

मी तोंडात हात घातला. हातमोजा नव्हता. ते लांब प्लास्टिकचे हातमोजे रेतनाच्या कामासाठी मोजून मिळायचे, तोंडात हात घालायला ते कोणी वाया घालवत नसे. आदल्या दिवशी एका म्हशीची अडकलेली वार काढताना माझ्या अंगठ्याच्या नखाजवळची कातडी सोलवटली होती. हे मला तेव्हा आठवलं नाही. नंतर मात्र महिनाभर दुसरं काही आठवत नव्हतं.

घशात काहीच नव्हतं. मी दोनदा चाचपलं. गाईच्या मालकानेही घातला, कारण त्याचा हात लांब आणि बारीक होता. त्याच्या आईने तर आदल्या रात्रीच गुळाचा खडा तुपात बुडवून गाईच्या जिभेच्या मुळाशी ठेवून पाहिला होता. आम्हां तिघांपैकी कोणालाही एक गोष्ट खटकली नाही: गाय प्रतिकार करत नव्हती. धडधाकट गाईच्या तोंडात हात घालून बघा. ती दाढा घासते, मान झटकते, तुम्हाला अख्खं गोठाभर फिरवते. या गाईचा जबडा सैल होता आणि जीभ ओल्या फडक्यासारखी हातात येत होती. घशाचा आणि जबड्याचा लकवा म्हणजे हाच, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण पुस्तकातली गाय पिसाळलेली असते, डोळे लाल करून अंगावर येते अशी माझ्या मनातली आकृती होती. ही बापडी शांत उभी होती.

मी कॅल्शियम दिलं, बी-कॉम्प्लेक्स दिलं, सलाइन लावलं आणि "उद्या बघू" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती अधूनमधून हंबरत होती. आवाज बसका, फाटका, शेवटी हवा सुटल्यासारखा. तिसऱ्या दिवशी मागचे पाय खुराजवळ दुमडून पुढे पडायला लागले, शेपूट मेल्यासारखी लोंबली आणि ती शेण टाकायला सारखी कुंथत होती, शेण मात्र येत नव्हतं. मी गोठ्याच्या दारातच उभा राहिलो. कुत्रं चावलं होतं का, हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. आता पुन्हा विचारलं. घरातला आठ-नऊ वर्षांचा पोरगा म्हणाला की पोळ्याच्या आधी एक लाल कुत्रं रात्री गोठ्यात शिरलं होतं, त्याने दगड मारून हाकललं, आणि गाईच्या नाकाला थोडं रक्त आलं होतं. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण दगड चुकून घागरीला लागला होता आणि घागर फुटली होती.

इथे जरा थांबून हा आजार समजावून सांगायला हवा. पुढचं सगळं त्याच्या स्वभावामुळे घडलं.

रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. चावलेल्या जागी तो आधी स्नायूत रेंगाळतो, मग नसेत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे सरकतो. म्हणून पायाला चावलं तर महिने लागू शकतात आणि नाका-तोंडाला चावलं तर वेळ कमी लागतो. या प्रवासात जनावर ठणठणीत दिसतं. रक्त तपासून विषाणू सापडत नाही, कारण तो तिथे नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीही गाफील असते, त्यामुळे रक्तातली प्रतिद्रव्यं दिसायला लागतात तीसुद्धा शेवटी शेवटी, आणि पुष्कळदा दिसायच्या आत जनावर संपलेलं असतं. मेंदूत पोचून तिथे वाढ झाली की तो पुन्हा नसांमधून बाहेर उतरतो, लाळग्रंथींत येतो, कातडीतल्या केसांच्या मुळांशी येतो. तेव्हा कुठे जिवंत जनावरात त्याला गाठायची संधी मिळते, आणि तीही फसवी, कारण लाळेत तो सलग येत नाही. सकाळच्या लाळेत असेल, संध्याकाळच्या लाळेत नसेल.

खात्रीची जागा एकच: मेंदू. आणि मेंदू बघायचा तर जनावर मेलेलं हवं.

त्यात गाईला बाकी आजारही असे होतात की ते रेबीजचीच सोंगं घेतात. मुरघासात माती गेली किंवा तो नीट दाबला गेला नाही तर त्यातल्या लिस्टेरिया जंतूने गाय एका अंगाने गोल गोल फिरते, एक कान पडतो, लाळ गळते. कीटकनाशक पोटात गेलं तरी लाळ गळते. मॅग्नेशियम कमी झालं तर थरथरून कोसळते. गोचिडांतून येणारा थायलेरिया कधीकधी डोक्यात जातो. लाळ्या-खुरकुताच्या साथीत तर लाळेकडे कोणी लक्षच देत नाही. गाईगुरांतल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूंपैकी एक वासरांच्या मेंदूला सूज आणतो. यांतले काही औषधाने बरे होतात. रेबीज होत नाही. त्यामुळे रेबीज म्हणायची घाई केली तर बरी होणारी गाय हातची जाते आणि उशीर केला तर माणसं जातात.

१९९८ साली हा "उशीर" आणि "घाई" यांचा हिशोब आजच्यापेक्षा फार अवघड होता, याचं कारण माणसांना मिळणारी लस. ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळणारी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे. डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ साली कसौलीला ती पद्धत बसवली आणि आपल्याकडे ती २००४च्या अखेरपर्यंत चालली. 'पोटात चौदा इंजेक्शनं' म्हणून आमच्या पिढीला लहानपणी ज्याची भीती घातली जायची, ती हीच. रोज एक, बेंबीभोवती, जागा बदलून. दुखायचं तर होतंच, पण खरी भीती वेगळी होती. लशीत मेंढीच्या मेंदूचा अंश असल्यामुळे काही थोड्या लोकांचं शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटायचं आणि लस घेणाऱ्यालाच लकवा व्हायचा. नेमका कोणाला होईल, हे आधी सांगता येत नसे. म्हणजे गाय पिसाळलेली नसताना उगाच चौदा टोचून घ्यायला लावणं हाही धोकाच होता.

त्या घरात सात माणसं. मालक आणि त्याची आई यांचे हात गाईच्या तोंडात गेलेले. सून रोज धार काढायची आणि गाईच्या लाळेने भिजलेली दावी, घमेली धुवायची. तीन पोरं सकाळी आजीच्या हातचं निरसं दूध प्यायची, फेस ओठाला लागेल असं. धाकटा भाऊ दुधाच्या किटल्या घेऊन जायचा. मी तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं की मला संशय आहे. खात्री नाही. खात्री ती मेल्यावर होईल. पण तोवर थांबता येणार नाही, उद्यापासून सगळ्यांनी रुग्णालयात जायला हवं.

मालकाने विचारलं, "म्हणजे नक्की नाही ना?"

"नक्की नाही."

"मग नक्की झाल्यावर जाऊ."

त्याचं चुकत नव्हतं. मोसम ऊसतोडीचा, रोजचं जाणं-येणं, सात माणसं, चौदा दिवस. तेवढ्यात आजीने विचारलं, "डॉक्टर, तुमचाबी हात आत गेला व्हता. तुम्ही घेणार का?"

मी हो म्हणालो. मी घेतलीही, त्याच संध्याकाळी, नगरला जाऊन एका खाजगी डॉक्टरकडे. पेशींवर वाढवलेली नवी लस बाजारात होती, दंडात पाच इंजेक्शनं, त्रास जवळजवळ नाही. एका डोसाला काही शे रुपये पडायचे. माझा पगार तेवढा होता. सात माणसांची पस्तीस इंजेक्शनं त्या घराला परवडणारी नव्हती आणि मी ती देऊ शकत नव्हतो. देऊ शकत नव्हतो असं मी स्वतःला सांगितलं, असं म्हणतो. कर्ज काढून दिली असती तर जमलंही असतं. चार दिवसांनी आजी मला रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटली. पदराखालून पोटाला हात लावून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची दंडात म्हणं. आमची पोटात." बोलण्यात राग नव्हता. माहिती सांगितल्यासारखं म्हणाली.

गाय सहाव्या दिवशी पहाटे गेली. मी डोकं मागितलं.

ज्यांनी गाय पुरलेली पाहिली असेल त्यांना हे मागणं काय आहे ते कळेल. हळदकुंकू, नवं लुगडं, शिंगांना तेल, मिठाची गोणी. त्या मढ्याचं डोकं कुऱ्हाडीने वेगळं करून मला द्या, असं मी एका घराला सांगत होतो. मालक नाही म्हणाला. शेजारीपाजारी तर अंगावर आले. शेवटी आजीच म्हणाली, "घ्या. पर पुरायच्या आधी माघारी आणून द्या." मग आमचे परिचर मामा आणि मी, तोंडाला रुमाल, डोळ्यांना मोटरसायकलचा गॉगल, हातांत रेतनाचे ते मोजून मिळालेले हातमोजे एकावर एक दोन, असं करून बांधाच्या पलीकडे करवत आणि छिन्नीने कवटी उघडली. लहान मेंदूचा तुकडा, मेंदूच्या बुडखाचा तुकडा, आणि हिप्पोकॅम्पस नावाचा आत गुंडाळलेला भाग. निम्मं ग्लिसरीन घातलेल्या सलाइनमध्ये बाटल्या, बाटल्यांभोवती कुल्फीवाल्याकडून आणलेला बर्फ, थर्मास. कवटीचे तुकडे सुतळीने बांधून डोकं माघारी दिलं. मग नेवासा फाट्यावरून एसटीने पुणे, शिवाजीनगर, तिथून औंध. पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग तिथे आहे. पूर्ण प्रवासात थर्मास मांडीवर होता आणि शेजारच्या बाईने दोनदा विचारलं की चहा आहे का.

तिथल्या एका ज्येष्ठांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. निळसर रंगलेल्या मोठ्या पेशींच्या आत किरमिजी ठिपके, कडा स्वच्छ, पोटात काळसर कण. निग्री कण. १९०३ साली अडेल्की निग्री नावाच्या इटालियन डॉक्टरने ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला वाटलं की हे परजीवी आहेत आणि यांच्यामुळेच रेबीज होतो. ते परजीवी नव्हते, विषाणूची गोळा झालेली सामग्री होती, पण निदानासाठी ते पुढे कित्येक दशकं वापरले गेले. १९५८नंतर चकाकणाऱ्या प्रतिद्रव्यांची चाचणी आली. अंधारात हिरवे चमकणारे कण दिसतात, निग्री कण नसलेल्या मेंदूतही विषाणू सापडतो, आणि आजही खात्रीची म्हणून तिचंच नाव घेतात. मी दोन्ही पाहिल्या. खरं सांगतो, तो हिरवा रंग बघून मला आनंद झाला. सात जणांना उगाच टोचून घ्यायला लावलं नव्हतं. मग लगेच त्या आनंदाची शरम वाटली.

सातही जण वाचले, चौदा पूर्ण करून. लकवा कोणालाही झाला नाही. ते वासरू, कालवड होती, तिला मी जनावरांची लस टोचली आणि वेगळं बांधायला सांगितलं. पुढचे चार-पाच महिने त्या बाजूला गेलो की गाडी थांबवून तिला बघायचो. पाणी पिते का, एवढंच.

नंतर वाचलं की त्याच नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एक होल्स्टिन गाय रेबीजने मेल्याचं प्रयोगशाळेत ठरलं होतं आणि तिचं निरसं दूध प्यायलेल्या साठाहून जास्त माणसांना लस द्यावी लागली होती. तिथे रकून चावतात, आपल्याकडे कुत्री, एवढाच काय तो फरक. दूध उकळलं की विषाणू मरतो, आणि दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं उदाहरण नाही. पण दुधाबद्दल गावात एकदा बोभाटा झाला की उकळलेलं प्यायलेलेही रांगेत येतात, आणि ज्याचा हात तोंडात गेला होता तो शेतावर असतो.

त्या गाईनंतर मी रेबीजचा संशय फार लवकर घ्यायला लागलो. इतका की दहा-बारा वर्षांनी त्याच तालुक्यात एका घरी तोंडघशी पडलो. वीस दिवसांपूर्वी व्यालेली भरपूर दुधाची गाय, सकाळपासून भिंती चाटत होती, दावणीचं लाकूड चावत होती, हंबरत होती, अंगावर येत होती, लाळ गळत होती. मी लांबूनच सगळ्यांना बाहेर काढलं आणि "पिसाळलेली असू शकते" म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघून गोठ्याच्या दारातून बाहेर पडलं ते थेट दूध संकलन केंद्रावर पोचलं. त्या घरचं दूध घेणं बंद झालं. मग मला सुचलं की मूत्र तपासावं. परीक्षानळीत भुकटी, मूत्र, वरून अमोनिया. जांभळं कडं धरलं. किटोसिस. अंगात साखर कमी, चरबी जळून तयार झालेली आम्लद्रव्यं डोक्यात चढलेली. नीट हुंगलं असतं तर श्वासाला गोडसर वासही आला असता, पण मी जवळ कुठे गेलो होतो? शिरेतून ग्लुकोज दिलं आणि संध्याकाळी गाय शहाण्यासारखी रवंथ करत बसली.

यावर हसू यावं, आणि आलंही. पण गावाने यातून वेगळाच अर्थ काढला. डॉक्टरांनी पिसाळलेली गाय बरी केली. मी कंठशोष केला की बरी झाली म्हणजेच ती पिसाळलेली नव्हती, या आजारातून गाय उठत नाही, लक्षणं दिसल्यावर आठ-दहा दिवसांत ती संपते, जी अकराव्या दिवशी चारा खाते तिला दुसरं काहीतरी झालेलं असतं. कोण ऐकतं. दोनेक महिन्यांनी शेजारच्या गावचा एक माणूस पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आला. कुत्र्याने पोटरीला चावा घेतला होता, त्यावर मिरची-तेल लावून फडकं बांधलं होतं. "गाईला दिलं तेच इंजेक्शन हिला द्या. खर्चाचं काही नाही." मी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं तिची जखम धुतली, ती रडत होती, आणि मग दोघांना गाडीवर बसवून स्वतः रुग्णालयात नेऊन सोडलं. तोवर मेंढीच्या मेंदूची लस बंद झाली होती, याचं मला त्या दिवशी किती बरं वाटलं ते कसं सांगू.

आता तिसरी गाय. २०२२ साल, लंपीची साथ ओसरत आलेली. या वेळी घशाची तक्रार नव्हती. गाय माजावर आहे म्हणून रेतनासाठी बोलावणं होतं. हंबरत होती, दुसऱ्या गाईंवर उडत होती, कुंथत होती. रेतन करणारा पोरगा आदल्या दिवशीच कांडी भरून गेला होता आणि माज काही थांबेना. मी पोचलो तर हंबरण्याचा तो आवाज फाटकापासूनच ओळखू आला. बसका, शेवटी हवा सुटल्यासारखा. चोवीस वर्षं झाली होती, पण आवाज तोच.

आता आमच्याकडे साधनं होती. लशीचे तिन्ही डोस मी आधीच घेतलेले, दुहेरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी. आता जिवंत जनावराच्या लाळेतून, नाकाजवळच्या कातडीच्या बारीक तुकड्यातून विषाणूचा जनुकीय अंश शोधता येतो, करोनाने घराघरांत पोचवलेल्या त्याच पीसीआरने. लुधियानाच्या पशुवैद्यक विद्यापीठात गाई-म्हशींवर यावर बरंच काम झालं आहे, बंगळूरच्या निम्हान्समध्ये माणसांवर. मला याचं फार अप्रूप होतं. मी लाळेचे फाये घेतले. कातडीचा तुकडा घ्यायला गाय उभी राहीना आणि माझ्याबरोबर धरायला तयार असा एकच माणूस होता, म्हणून तो राहिला. नमुने एका प्रयोगशाळेत गेले.

घरात दोघंच, तिशीतले नवरा-बायको. पोरं नगरला मामाकडे शिकायला. दोघांनी पहिला डोस त्याच दिवशी घेतला, तालुक्याला, दंडात, फुकट. रेतनवाल्या पोराला मी फोन करून दटावला, तोही गेला. चौथ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या डोसानंतर, अहवाल मोबाइलवर आला. निगेटिव्ह. गाय अजून जिवंत होती, बसलेली, मान एका बाजूला टाकून.

मला आधी शब्द जुळवायचे होते, पण अहवालाची प्रत मालकालाही गेली होती. त्याचाच फोन आला. "डॉक्टर, निगेटिव्ह आला ना? सुटलो बघा."

मी गाडी काढली. त्याच्या ओट्यावर बसून, चोवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या ओसरीवर बसून जे सांगितलं होतं त्याच्या उलट बाजूने तेच सांगायला लागलो. लाळेत सापडला असता तर 'आहे' हे नक्की झालं असतं. सापडला नाही म्हणजे 'नाही' असं होत नाही. त्या वेळच्या त्या लाळेत तो नव्हता, एवढंच. कुत्र्याला दहा दिवस बांधून बघतात तो नियम गाईला लागू नाही. इंजेक्शनं पूर्ण करा. आणि गाय गेली की मला फोन करा, डोकं कापायची गरज नाही आता, मानेच्या मागच्या भोकातून सरबताच्या नळीएवढी नळी घालून मेंदूचा अंश घेता येतो, गाईचं रूप बिघडत नाही.

तो ऐकत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, "करोनात असंच केलं तुम्ही लोकांनी. निगेटिव्ह आला तरी घरात बसा." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पुन्हा तेच होतं. १९९८ साली माझ्या हातात कागद नव्हता, फक्त संशय होता, आणि एका म्हातारीने त्या संशयावर विश्वास ठेवून सात जणांना चौदा दिवस चालवलं. आता कागद होता आणि तो माझ्या विरुद्ध बोलत होता.

गाय त्या रात्री गेली. पहाटेच त्यांनी जेसीबी बोलावून, खड्डा खणून, मीठ घालून पुरली. मला कळलं तेव्हा दुपार झाली होती. उकरून काढा असं म्हणायला मी गेलो नाही. म्हणजे ती गाय पिसाळलेली होती की नव्हती, हे कधीच ठरणार नाही. माझ्या वहीत तिच्यापुढे आवाजाचं वर्णन आहे, पायांचं आहे, 'लाळ: निगेटिव्ह' आहे, आणि शेवटचा रकाना कोरा आहे.

पुढच्या महिन्यात त्यांच्याच वस्तीवर लसीकरणाला गेलो होतो. तो शेतावर होता. बायकोने पाणी आणून दिलं, आत गेली आणि रुग्णालयाचं कार्ड घेऊन आली. चारही तारखांपुढे सह्या होत्या. "मी एकटीच जाऊन आले," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका, उगाच बोलतील की रोज हिंडती. धार मी काढत होते ना." त्याच्या कार्डाचं मी विचारलं. तिने बोटांनी दोन दाखवले.

मी त्याला त्यानंतर तीनदा फोन केला. दोनदा त्याने विषय बदलला, तिसऱ्यांदा हो हो जातो म्हणाला. गेल्या उन्हाळ्यात त्याचाच फोन आला. नवी गाय आणली होती, लोणीच्या बाजारातून. "डॉक्टर, चारा खाईना. घशात काहीतरी अडकलंय वाटतं." मी हातमोजे चढवून गेलो. आंब्याची कोय होती.